दिवा घेऊन दारात उभी राहिलेली बाई

आप्पा, उद्या सांगलीत तुमचा तो मुका सिनेमा दाखवणार आहेत, आणि आधी मला त्यावर बोलायचंय. भीती वाटते. बोलण्याची नाही, शाळा अर्धवट सुटली तरी छायाचित्रणाची पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून वाचलीत मी. सावली बघून दिवा कुठं ठेवला होता ते सांगतो. भीती त्या एका दृश्याची आहे.

नवरा अंधारात निघून गेलाय. बाई दारात उभी. हातातला दिवा ती कमरेपासून वर आणते, तसा उजेड चढतो. आधी हनुवटी, मग गाल, डोळे सगळ्यात शेवटी. मागची चौकट काळीच. मग ती वळते, दार लागतं. तंबू टॉकीज बंद पडल्यावर तुम्ही तिथलं हातानं हँडल फिरवून सिनेमा दाखवायचं जुनं मशीन आणि हे एकच रीळ घरी आणलंत. मलकापूरच्या खोलीत खिडक्यांना गोणपाट लावून ते दाखवायचात. ती वळायला लागली की तुमचा हँडलवरचा हात हळू व्हायचा, आणि तीही दारात थांबून राहायची. तापलेल्या फिल्मचा वास सुटतो, आई ओरडते, "आवं, घर पेटवताय का काय!" तुम्ही म्हणता, "थांब गं. ही आत गेली की परत येत न्हाई." मी भिंतीकडं नाही, तुमच्या मनगटाकडं बघतो, जीव मुठीत धरून.

तुम्ही गेल्यापासून हे दृश्य मी सांगत आलोय. या सिनेमाचं नाव कुणी घेत नाही, पण थांबायचं कुठं हे त्या कॅमेरावाल्याला कळत होतं, असं लिहिलंसुद्धा. आता अख्खी प्रत सापडली. कार्यक्रमाच्या पोरानं पेनड्राइव्ह आणून दिला, दुपारी बघितला. उजेड तसाच चढतो, चौकट तशीच काळी. पण ती थांबत नाही. डोळ्यांत उजेड पडतो न पडतो तोच वळते. दार बंद.

पोराला फोन केला, तेवढ्यापुरतं हळू करता येईल का?

"येतंय की काका. पण मग सिनेमा त्यांचा का तुमचा?" म्हणाला आणि लय हसला.

मला हसू आलं नाही. उद्या कॅमेरावाल्याचं म्हणून मी काय काय सांगणार, आणि त्यातलं तुमच्या हाताचं किती?

हा कागद कुठं टाकणार, घडी करून ठेवतो. एवढंच सांगायचं राहिलं: मघाशी पुन्हा लावून बघितलं. ती वळायला लागली तेव्हा माझी मूठ गुडघ्यावर फिरत होती, आप्पा, तुमच्यापेक्षाही हळू. आणि जळका वास येईल म्हणून मी श्वास रोखला होता.