लेथ आकारामच्या नावे

मी, रसूल बाबालाल शिकलगार, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा टर्नर, राहणार सांगली. छाती भरवशाची राहिलेली नाही, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने वा भरीस पडून नव्हे, राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवतो, ते असे:

१. घर व पोस्टातली शिल्लक आमच्या मुसलमानी कायद्याप्रमाणे मुलगी फरीदा, राहणार इस्लामपूर, आणि पुतण्या लालासाहेब यांस जावी. तांब्याची घागर मात्र फरीदानेच न्यावी. लालासाहेबाच्या बायकोचा तिच्यावर केव्हापासून डोळा आहे.

२. माझे कातकामाचे लेथ लालासाहेबास देऊ नये. बर्फाच्या कारखान्यातल्या अमोनियाच्या कॉम्प्रेसरला आम्ही दोन जातींच्या रिंगा करतो. एक वायू अडवणारी, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. दुसरी दट्ट्याला सरळ चालवणारी, पांढऱ्या धातूची. या शहाण्याने दुसरी पितळेची केली, का तर चकाकते! अमोनिया पितळ खातो. सिलिंडर ओरखडला, वायू सुटला, आणि सगळे कामगार डोळे चोळत रस्त्यावर आले. नाचता येईना अंगण वाकडे, तसा तो अजून धातूलाच दोष देतो.

३. लेथ माझा भागीदार आकाराम, मूळचा दहिवडीचा, यास द्यावे. लढाई पेटली, विलायतेच्या रिंगा येईनात, तेव्हा त्या आम्ही इथे केल्या. तो बीड ओतायचा, मी कातायचो. रिंग एका जागी कापलेली असते, त्या कापात तो नख घालून बघायचा आणि म्हणायचा, "रसूल गड्या, तापल्यावर लोखंड फुगतंय. त्येला जरा जागा ठेव की रं." मला राग यायचा. आज तसे कुणी बोलावे म्हणून जीव तळमळतो. पुढे तो पलटणीत फिटर म्हणून गेला. सिंगापूर पडल्यापासून त्याची खबर नाही. लढाई संपून वर्ष उलटले. मिरजेची गाडी आली की मी अजून दारात जाऊन उभा राहतो.

४. वकीलसाहेब म्हणाले, आकाराम आधीच वारला असेल तर हे कलम फुकट जाईल आणि लेथ वारसांकडे, म्हणजे लालासाहेबाच्याच हाती पडेल. त्यापेक्षा ते आकारामच्या बायकोच्या नावे करा. मला पटले. बनुबाईला बोलावून विचारले. तिच्या कपाळावर कुंकू आहे, त्यावरून सासरचे तिला टोचतात. ती म्हणाली, "नगा भाईसाब, माझं नाव घालू नगा. तुमीबी ते गेलं असं धरलंत, तर वाट बघायला मी एकलीच उरंन."

लेथ आकारामच्याच नावे राहील. मागची खोली मात्र बनुबाईस, आकारामची बायको म्हणून नव्हे, माझी बहीण म्हणून द्यावी. दोन्ही मिळून कायद्याने मला वारसांबाहेर देता येणाऱ्या तिसऱ्या हिश्श्यात बसतात, तेव्हा कोणी हरकत घेऊ नये.

५. माझ्यामागे आकाराम आला तर त्याला दारातच काही सांगू नये, कबरीकडेही नेऊ नये. आधी पाय धुवायला पाणी द्यावे, पोटभर जेवू घालावे. माझी चौकशी केली तर म्हणावे, रसूल कामावर गेलाय, येईल इतक्यात. थोडा वेळ त्यालाही माझी वाट बघू द्यावी.

सही: रसूल बाबालाल शिकलगार

साक्षीदार:
१. नानासो जाधव, मिस्त्री, बर्फाचा कारखाना (सही)
२. धुळा हाके, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)

सांगली, ता. १२ डिसेंबर १९४६