ब्रूजला एकटीच

९ सप्टेंबर, फ्रिस्को, टेक्सस
कॅन्सल! व्हिसे आले, बेल्जियमची तिकिटं आली, नात रुहीने बॅगसुद्धा काढून ठेवली — आणि आज जेवताना धम्मदीप म्हणतो, "आई, ऑक्टोबरमध्ये आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे यार, सुट्टी मिळत नाहीये. ब्रूज पुढच्या वर्षी नक्की." सून मैत्री, तिनेही मान हलवली. तिला आधीच माहीत होतं, म्हणजे फक्त मलाच सांगायचं राहिलं होतं.
मी म्हटलं, तुमची तिकिटं कॅन्सल करा. माझं राहू दे. मी एकटी जाते.


१० सप्टेंबर
"तुझे गुडघे." "तुझं इंग्लिश." "हरवलीस तर?" सकाळपासून हेच. अरे, एकतीस वर्षं नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडलेत मी! "होल्ड द लाइन प्लीज" म्हणून मोठमोठ्या साहेबांना ताटकळत ठेवलंय.
खरं भांडण ब्रूजचं नाहीच. नागपूरच्या फ्लॅटचं आहे. मला माझ्या घरी जाऊन राहायचंय. रुही लहान होती, गरज होती, म्हणून आले. सहा वर्षं झाली. आता ती बारा वर्षांची आहे, आपलं ताट आपण वाढून घेते. किरायेदारांना काढ आणि मला जाऊ दे, इतकंच मागते. धम्मदीप म्हणतो, एकटी कशी राहशील, विकून टाकू.
शेवटी चिडून तोच बोलला — "बरं, चार दिवस तिथे एकटी राहून दाखव. मग नागपूरचं बोलू."
लागली शर्त!

८ ऑक्टोबर
मला न विचारता धम्मदीपने तिकिटावर व्हीलचेअर टाकली! "सगळेच टाकतात आई. लाइन लागत नाही, कोणी हरवत नाही."
मी रोज पार्कला चार चकरा मारते. हा गाडीतून उतरून लिफ्टपर्यंत चालतो.

११ ऑक्टोबर, डॅलस विमानतळ
अजून हसू येतंय. चेक-इनपाशी चाकांच्या खुर्च्यांची रांग, आणि प्रत्येक खुर्चीत आपलीच एक आई नाहीतर सासू! सगळ्यांचे पाय धडधाकट. एक काकू तर खुर्चीतून उठून, भराभर जाऊन, पाण्याची बाटली भरून परत खुर्चीत बसल्या.
माझी खुर्ची घेऊन आलेला माणूस यादी दाखवत म्हणाला, "मॅम, यू आर ऑन माय लिस्ट." मी म्हटलं, खोडा माझं नाव. धम्मदीप काचेपलीकडे हात हलवत होता, त्याला दिसेल अशी मुद्दाम ताठ चालले. गुडघा ठणकत होता. ठणकू दे!

१२ ऑक्टोबर, ब्रूज
पोचले. एकटी. ब्रसेल्सहून ट्रेनसुद्धा बरोबर पकडली. पाय सुजलेत. झोप.

१३ ऑक्टोबर
काय गाव आहे! पाण्याला लागून घरं, पाण्यातच उतरणाऱ्या भिंती, विटांचे कमानीचे पूल. सातशे-आठशे वर्षांपासून माणसं इथे राहतात आणि अजून खिडकीत कुंड्या ठेवतात.
आणि हो, हरवले. खूण म्हणून हंस धरले होते — हंस दिसले की डावीकडे वळायचं. अक्कल बघा माझी! हंस पोहत पोहत पुढे गेले आणि मी त्यांच्यामागे डावीकडे, डावीकडे. तासभर फिरले. घाबरले, खोटं का लिहू. मग एका लेसच्या दुकानात शिरले आणि एक्स्चेंजच्या आवाजात विचारलं. दुकानवाली बाई कोपऱ्यापर्यंत सोडायला आली.
धम्मदीपला हे कळवलं नाही. कळवणारही नाही.

१४ ऑक्टोबर
आज दीक्षाभूमीवर असायला हवं होतं. सकाळी खोलीतच त्रिशरण म्हटलं.
मग एका फाटकातून आत गेले तर मोठं अंगण, उंच झाडं आणि भोवती पांढरी घरं. पाटीवर वाचलं — मध्ययुगात इथे एकट्या बाया राहायच्या. काही विधवा, काही बिनलग्नाच्या. जन्मभराची शपथ नाही. आपलं काम करायचं, आपलं खायचं, वाटलं तर निघून जायचं. आठशे वर्षांपूर्वी! त्यांना कोणी म्हणालं असेल का, "एकटी कशी राहशील?" म्हणालंच असेल. तरी राहिल्याच ना.
बाकावर बसून खूप वेळ घरांच्या दारांकडे बघत होते. माझंही एक दार आहे. माझ्या पगारातून घेतलेलं, वर माझ्या नावाची पाटी. मला ते हवंय. बस.

१५ ऑक्टोबर
घंटाघर चढले! तीनशे सहासष्ट पायऱ्या, गोल, अरुंद, हाताला दोर. मधे तीनदा बसले. मागच्या पोराटोरांना म्हटलं, "होल्ड द लाइन प्लीज." हसत थांबली बिचारी.
वरून फोटो पाठवला. रुहीचं उत्तर — "आजी, यू आर द बॉस!" धम्मदीपचा नुसता अंगठा.

१७ ऑक्टोबर, फ्रिस्को
परत आले. जिंकले! धम्मदीप घ्यायला आला होता. मी म्हटलं, आता बोल नागपूरचं. म्हणाला, "आधी आराम कर, आई."

१८ ऑक्टोबर
आज धम्मदीपने सांगितलं — फ्लॅट जुलैमध्येच विकला. शर्त लावली तेव्हा तो माझा राहिलाच नव्हता. किरायाच्या कामासाठी म्हणून चार वर्षांपूर्वी मुखत्यारपत्रावर माझी सही घेतली होती, त्याच कागदावर विकला. मुलाचा कागद म्हणून मी वाचलाच नव्हता. "तुझ्याच भल्यासाठी, आई."
बाथरूमचं दार लावून रडले. मग तोंड धुऊन एक्स्चेंजमधल्या सुलेखाला फोन केला — एक खोली बघ, कुठलीही, करार माझ्या नावाने. रुहीला शेजारी बसवून तिकीट काढलं. प्रत्येक ओळ वाचून. डॅलस ते नागपूर, एकाच बाजूचं.