हॉलमधली नव्वद पानं

३ फेब्रुवारी १९९६, शनिवार
नव्वद पानं! अबुजर सरांच्या क्लासातल्या बारावीच्या पोरांचं निरोपाचं जेवण आमच्या खानावळीत ठरलं. पुढच्या रविवारी. आन बसायचं कुठं — मागच्या हॉलमधी! भूकंपापासनं तो बंद हाय. मालकीण रत्नम्मा अक्का स्वतः अजून अंगनात पत्र्याखाली झोपती, गिऱ्हाइकालाबी तिथंच वाढतोत.
सरांनी इचारलं, "हॉल मजबूत आहे ना?"
"एकदम मजबूत!" अक्का म्हनली. पापनी न लववता!

५ फेब्रुवारी
हॉल झाडला. खिडकीपासनं स्लॅबपत्तूर तडा. माझं बोट आत जातंय! वळून बघते तर अक्का मागंच उभी. "काय बघायलीस? झाड."
कायतरी लपवायलीय.
भाकरी थापनाऱ्या चांदबी खालाला भलतीच चिंता. "या अल्ला, नव्वद तोंडं एकदम, आन तवे दोन! रोज कसं, चार उठले की चार बसतेत. हे समदे संगट वरडनार. पहिल्याला भाकरी, शेवटच्याला चप्पल!" हसून ठसका लागला. पन तडा इसरला न्हाई.

६ फेब्रुवारी
तडा गायब! वरून चुना मारला. आन दाराला कुलूप.

८ फेब्रुवारी
धम्मानंद, माझा धाकटा भाऊ, त्याच क्लासात हाय. त्याच्यासाठीच तर म्या नववीत शाळा सोडली. जाऊ नको म्हनलं. तर म्हनतो, "ताई, तुला जिथं तिथं भूकंपच दिसतो! सरांपाशी काय बोलू नको हां, पोरं हसतील."
बोलते कुठली! ताट ठिवताना माझी मान वर होत न्हाई.

१० फेब्रुवारी
शेवटी इचारलंच. "अक्का, तुमी का झोपत न्हाई मंग त्या हॉलमधी?"
तिनं इकडंतिकडं बघितलं. मंग हळूच, "गावाला कळलं तर खानावळ बसली समज. त्वांड बंद ठिव. न्हाईतर तुझं काम गेलं."
म्हंजी तिला म्हाईत हाय! लेकरांपरीस खानावळ मोठी!

११ फेब्रुवारी, रविवार
सकाळी अक्कानं चाबी दिली. "हॉल उघड, पाट मांड." आडापाशी गेले. आत टाकली. बुडुक!
नव्वद पोरं दारात. म्या म्हनलं, "चाबी आडात पडली." अक्का सरांदेखत कडाडली, "मुडदे! डोळे फुटले व्हते का?" सर म्हनले, "कुलूप तोडा." अक्का म्हनली, "लोहाराला धाडते की. पन भाकरी निवायली सर, पोरं भुकेजली हायत. तवर हितंच बसवू का?" सर तोंड वाकडं करून हाव म्हनले.
अंगनात चार रांगा. समदे एकदमच — "इकडं डाळ!" "आमाला भाकरीच न्हाई!" "ओ ताई, पानी!" पहिल्या रांगेचं ताक झालं तरी चौथीला मीठ न्हाई. एकानं तर ताट वाजवलं. मला रडूच आलं. तवा धम्मानंद पानावरून उठला, माझ्या हातातला जग घेतला आन समद्या पोरांदेखत पानी वाढाय लागला. कोन हसलं न्हाई.
लोहार काय आला न्हाई.
पोरं जाताना अक्का सरांपुढंच म्हनली, "उद्यापासनं येऊ नको."
जाऊ दे. समदे धड घरी गेले.

१२ फेब्रुवारी
डबा ऱ्हायला व्हता, म्हनून गेले. हॉलचं दार सताड उघडं! कुलूप शाबूत, आन त्यात चाबी. अक्का पाट भाईर काढायली व्हती.
म्या चाबीकडं बघतच ऱ्हायले.
"दुसरी हाय," ती म्हनली. "कालबी माझ्या कमरंलाच व्हती. चल, कांदे घे चिरायला."