तपकिरी कडं

८ जाने., गुरु.
बाबांच्या बायॉप्सीच्या स्लाइड आज मायक्रोस्कोपखाली घेतल्या. रिपोर्टवर सही मुंबईच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच करतील, मी नाही. पण बघितल्याशिवाय राहवेना. शनिवारी तलासरीच्या सर्जननी प्रोस्टेटचे तुकडे काढले. आमची लॅब शनिवार-रविवार बंद, म्हणून भाऊ नितेश बाटली वरोरला घरी घेऊन गेला, सोमवारी इथे डहाणूला आणून दिली.
सगळं पुसट. एका कोपऱ्यात बारीक ग्रंथींची गर्दी. कॅन्सर, की नुसत्या चेपल्यात? मार्करच्या खास रंगचाचणीसाठी तुकड्यांचा मेणातला ब्लॉक मुंबईला पाठवला.
संध्या. आईचा फोन, बोंबील वाळलेत, घेऊन जा. हो म्हटलं.

१४ जाने., बुध.
मार्करच्या स्लाइड आल्या. चांगल्या ग्रंथीभोवती पेशींचं एक कडं असतं, मार्कर ते तपकिरी रंगवतो. कॅन्सरच्या ग्रंथीला कडंच नसतं. म्हणजे रंग नाही, हेच वाईट.
बाबांच्या स्लाइडवर कुठेच रंग नाही. कुठेच.
कालच बोटीवर चढून जाळी उतरवत होता हा माणूस. असं कसं

दुपारनंतर परत पाहिलं. मोठ्या, धडधाकट ग्रंथींनाही कडं नाही. त्यांना तरी हवंच. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "आमच्या कंट्रोलवर, तपासणीच्या चांगल्या नमुन्यावर, रंग छान आलाय. तुझ्या तुकड्यांचंच काहीतरी झालंय. टिकवायच्या फॉर्मेलिनमध्ये होते ना?"
असणारच की.

१५ जाने.
वरोर. आईला विचारलं, बाटली कशी ठेवली होती?
"त्यात घाण वासाचं पाणी होतं, डोळे झोंबले माझे. ओतून टाकलं नि मीठ लावून ठेवलं. सोमवारी धुऊन साधं पाणी भरून दिलं."
"मीठ?" मी विचारलं.
"बोंबील-मावरं टिकतं, तं हे का नाय टिकणार?"
माझ्या बापाच्या प्रोस्टेटचं खारवण केलं हिने. हसावं की रडावं. तिने जिवापाड जपलं होतं ते, बोंबलांना शिवू दिलं नव्हतं. तरी ओरडले मी.

१६ जाने.
नितेशने आळीभर सांगून टाकलं, रिपोर्ट मिठाने चुकला, बाबांना काही नाही. नारळसुद्धा फोडून झाला.
बाबांना कड्याचं सगळं समजावलं. चुकला म्हणजे कॅन्सर नाही असं नाही, आपल्याला काहीच कळलेलं नाही. महिनाभराने परत तुकडे काढायचे.
"परत नाय टोचून घेत. मागल्या वेळी लघवीला रक्त होतं."
आई दारात उभी होती. म्हणाली, "माझ्या हातून झालं. माझ्यासाठी जा." बाबा उठून समुद्राकडे निघून गेले. आल्यावर जेवता जेवता म्हणाले, "कधी जायचं तलासरीला?"
लग्नाला इतकी वर्षं झाली, आईने त्यांच्याकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

२१ फेब्रु., शनि.
तुकडे काढले. बाटली मी मांडीवर धरून आणली. आई मागच्या सीटवर. म्हटलं, धरतेस का जरा? हात पदराखाली घेतले तिने.

२६ फेब्रु.
या वेळी पुसट नाही. पण बारीक ग्रंथींची गर्दी आहेच, त्याच कोपऱ्यात. ब्लॉक मुंबईला. जेवण गेलं नाही.

५ मार्च, गुरु.
स्लाइड आल्या. पहिलीच एक मोठी ग्रंथी समोर आली, भोवती तपकिरी कडं, पूर्ण, सुंदर. इतका आनंद झाला. मग लक्षात आलं. रंग धरलाय. म्हणजे आता पुढे जे दिसेल ते खरं. मीठ नाही, काही नाही.
तेवढ्यात बाबांचा फोन. त्यांना कुणी सांगितलं आज स्लाइड येणार म्हणून?
"कडं आलं का गं?"
"एका ग्रंथीला आलंय, बाबा."
"आणि त्या बारक्यांना?"
"त्या अजून बघितल्या नाहीत."
मागे आईचा आवाज, काय म्हणते, काय म्हणते. "बघ मग," म्हणाले. "आणि आधी मला सांग. हिला मी सांगेन."
फोन ठेवून हे लिहिलं. बारक्या ग्रंथींचा तो कोपरा डावीकडे आहे. स्लाइड सरकवते आता.