चौदांपैकी आठ

४ सप्टेंबर, बुधवार

सत्तावन्न टक्के! तीनदा केलं, तीनदा सत्तावन्नच.

दोन वर्षांत आमच्या पाहणीतल्या गावांत चौदा मुलं बुडून गेली. तळ्यात, कालव्यात, एक तर घरामागच्या डबक्यात. सगळी पाच वर्षांखालची. त्यातल्या आठ जणांची नावं आमच्या बालकेंद्रांत, म्हणजे सकाळी पोरं सांभाळतात तिथे, होती. आठ भागिले चौदा. यात चुकायला आहे काय?

पण हे काम माझं नव्हे. आकडेवारीवाले शंतनुदा चट्टग्रामला गेले आणि मोर्शेद भाईंनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "लुबना, एकच आकडा काढ. ढाक्याचे साहेब दोन वाचत नाहीत."

बीए बांगला केलेल्या बाईला हे सांगतात!

पाठवला.

८ सप्टेंबर, रविवार

केंद्रं बंद. सगळी. ढाक्याहून सकाळीच फोन — बुडालेली निम्म्याहून जास्त मुलं केंद्रातलीच असतील तर केंद्रं चालवायची कशाला? अहवाल पुरा होईपर्यंत थांबवा.

मोर्शेद भाई माझ्या टेबलाशी आले. "आकडा बरोबर आहे ना गं?"

"बरोबर आहे."

बरोबर आहेच. मग चौथ्यांदा का करून पाहतेय?

९ सप्टेंबर

काही सुचत नाही. अम्माला सांगितलं, डोकं दुखतंय. खरंच दुखायला लागलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

जोहरा खाला आल्या होत्या. कालव्यापलीकडचं केंद्र त्या चालवतात. चप्पल दारात काढली नाही, तशाच आत. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

"लुबना आपा, आमचं चुकलं काय ते एकदा सांगा. माझ्याकडचं एक पोर बुडालं नाही."

"तुमच्या एकट्यांचं नाही खाला, सगळ्या केंद्रांचं मिळून..."

"मिळून म्हणजे? बाकीच्या केंद्रवाल्यांना विचारूनच आलेय. आठही जणं संध्याकाळी नाहीतर शुक्रवारी गेली. तेव्हा आमच्या दाराला कुलूप! आया चुलीशी, बाप शेतात. सकाळी आमच्याकडे असताना गेलंय का एक तरी?"

हे मला माहीतच नव्हतं. वेळ आम्ही लिहून घेतो, पण मी ती पाहिलीच नव्हती. नुसतं नाव केंद्रात आहे की नाही एवढंच पाहिलं.

जाताना म्हणाल्या, "शिकलेल्या माणसाशी भांडता येत नाही बाई. आकडा पुढे करतात." राग आला. मग वाटलं, कुणाचा आला?

तरी गोंधळ आहेच. संध्याकाळी बुडालं तरी मूल केंद्रातलंच ना? मग आठ ते आठच. की नाही?

११ सप्टेंबर, बुधवार

जेवताना झालं. अम्माने डाळ वाढली, मी भात कालवत होते, आणि मनात आलं — त्या चौदांतली भात खाणारी किती? चौदा. शंभर टक्के! मग भात बंद करायचा?

हसायला आलं. अम्मा म्हणाली, "काय झालं गं? केस निघाला का?" ताट तसंच टाकून उठले. तिची बडबड अजून चालू आहे.

पाहणीत एकूण मुलं सहा हजार. केंद्रात येणारी अठ्ठेचाळीसशे. म्हणजे शंभरातली ऐंशी आपली! केंद्राने काहीच फरक पडत नसता तर बुडालेल्यांतही ऐंशी टक्के आपली निघाली असती. निघाली सत्तावन्न.

म्हणजे सत्तावन्न जास्त नाही. कमी आहे!!

परत केलं, दुसऱ्या बाजूने. केंद्रातली अठ्ठेचाळीसशे, बुडाली आठ — सहाशेत एक. केंद्राबाहेरची बाराशे, बुडाली सहा — दोनशेत एक. तिप्पट फरक. तोच आकडा, तीच पोरं. मी चौदांतली आठ पाहिली, अठ्ठेचाळीसशेतली आठ पाहिलीच नाहीत.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मोर्शेद भाईंपुढे कागद ठेवला. त्यांनी टक्क्यांचा रकाना पाहिला. "हे काय? एक पाव टक्क्याच्याही खाली, दुसरा अर्धा. ढाक्याला हे भूस वाटेल."

"टक्के सोडा. सहाशेत एक आणि दोनशेत एक असं वाचा."

वाचलं. चष्मा काढला. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एकच आकडा मागितलात."

बोलून गेले! ओरडतील वाटलं. ओरडले नाहीत. चहा मागवला, दोघांना.

१५ सप्टेंबर, रविवार

पाठवला नवा कागद. आणि आता नवीनच भुंगा. जी आई मूल केंद्रात आणून सोडते, ती मुळातच जास्त जपणारी असेल तर? मग फरक केंद्राचा की आईचा? थोडा हिचा, थोडा त्याचा? किती टक्के?

शंतनुदांना फोन केला. हसले. म्हणाले, "आता खरी सुरुवात झाली तुझी." याचा अर्थ काय तेही कळलं नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

ढाक्याने मानलं! येत्या रविवारपासून सगळी केंद्रं सुरू. मोर्शेद भाईंनी ऑफिसात सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. जोहरा खालांना मीच फोन केला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट. म्हणाल्या, "चटया उन्हात घालते."

अम्माने तांदळाच्या पिठाचे गरम चितई पिठे केले. चार खाल्ले.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पंधरावा. साईम. अडीच वर्षांचा. आज सकाळी साडेदहाला, घरामागच्या तळ्यात. आई भाताची पेज काढायला वळली होती.

मोर्शेद भाईंनी हळू आवाजात विचारलं, "केंद्रातला धरायचा की बाहेरचा?"

नाव केंद्रात आहे. केंद्र बंद होतं. माझ्या सत्तावन्नाने.