गिटारची जवारी

अण्णा, तुम्ही गेल्यावर तुम्ही दिलेली गिटार पुन्हा बाहेर काढली आणि या वर्षी तिच्यावर मिळतील त्या सगळ्या तारा चढवून पाहिल्या. ब्राँझच्या तारा पहिला आठवडा उजळ वाजतात, मग त्यांचा आवाज बसतो. लेप दिलेल्या तारा घामाने गंजत नाहीत, म्हणून जास्त टिकायला हव्यात; माझ्या बोटांना घाम फार येतो, तो तुमच्याकडून आलाय. जाड घेतल्या, बारीक घेतल्या. सगळ्या झणझणल्या, आणि जाड तारांवरची गुंडाळी दर वेळी एकाच जागी उसवली, घोडीवर, जिथे तार टेकते तिथे. साताऱ्याच्या कारखान्यात मी तुटलेले सुटे भाग तपासते. एकच भाग पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी तुटत असेल तर दोष त्या भागात नसतो, हे मी इतरांना शिकवते. घरी मात्र तारांनाच नावं ठेवत बसले, याची चीड येते.

रविवारी तारा उतरवून घोडीवरची हाडाची पट्टी काढली. गिटारला तिची धार अरुंद लागते, तार एका बिंदूवरून सुटावी म्हणून. तुम्ही ती घासून सपाट केली होती, वर हलका उतार दिलेला. आयुष्यभर मिरजेत तंबोऱ्यांची जवारी काढलीत, तार घोडीला निसटती घासून झणकार उठावा म्हणून. तीच गिटारलाही काढलीत. दहावीच्या सुट्टीत, स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून तुम्ही ती गिटार माझ्या हातात देता. "घे. आता बोलती बघ." काही दिवसांनी मी विचारते, अण्णा, आवाज असा का येतो, क्लासचे सर म्हणतात माझं बोट कच्चं आहे. तुम्ही चहा गाळताय. वर न बघता म्हणता, "मग दाब की नीट. तारंला काय झालंय?" मी वर्षभर दाबलं. बोटांना घट्टे पडले, मग सोडून दिलं. आपला हात वाजवण्याचा नाही, हे इतकी वर्षं धरून चालले. तुम्हाला तो दोष वाटलाच नसणार, हे कळतं मला. कळल्याने राग कमी होत नाही. "पट्टी मी घासलीय," एवढं तुम्ही मला एकदा सांगायचं होतं.

काल नवी पट्टी बसवली, साध्या ब्राँझच्या तारा चढवल्या. प्रत्येक सूर स्वच्छ निघाला. आई आतून म्हणाली, "ह्यो तुज्या अण्णांचा आवाज न्हाई गं." मी म्हटलं, "नाही. माझा आहे."

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. त्यानंतर मी गिटार खाली ठेवली, ती अजून उचललेली नाही.