बनुबाईंच्या हातचा घास

अदिस अबाबा,
२ ऑक्टोबर

प्रिय क्रांती,

तुझा मेसेज येऊन आज एकवीस दिवस झाले. मी तो वाचलाय हे तुला फोनवर दिसलं असेल, आणि उत्तर देत नाहीये हेही कळलं असेल. तरी तू पुन्हा विचारलं नाहीस. लहानपणीही तू अशीच होतीस, रुसलेल्या माणसाला त्याच्या वेळेनं येऊ द्यायचीस. लेकीचं लग्न ठरलं, तेही तुळशीच्या लग्नानंतर लगेच, आणि कार्यालयात न करता औंधजवळच्या आपल्या गावात, तुझ्या आईच्या दारात मांडव घालून, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. मग पुढची ओळ वाचली, 'दिपे, तू आलीच पाहिजेस', आणि फोन पालथा घातला.

उत्तर लिहिलंच नाही असं नाही. तीनदा लिहिलं. आमच्या परराष्ट्र खात्यात नाही म्हणायची एक फार गोड भाषा असते. सुरुवातीला सन्मान, मध्ये खेद, शेवटी शुभेच्छा. त्या भाषेत मी भल्याभल्यांना नकार दिलाय आणि त्यांनी वर माझेच आभार मानलेत. तुला ते पाठवायचा मात्र धीर झाला नाही. तू पहिल्याच ओळीला ओळखलं असतंस.

तर आधी इथलं सांगते. अदिस उंचावर आहे, हवा थेट पाचगणीची. जिकडे बघावं तिकडे निलगिरीची झाडं. इथलं कॅलेंडर आपल्या मागे सात-आठ वर्षं चालतं, त्यामुळे मी इथे अजून चाळिशीतही नाही, फक्त केसांना कुणी ते सांगितलेलं दिसत नाही. गावाबाहेर गेलं की ज्वारीची शेतं लागतात. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी गाडी थांबवून उतरले आणि कणीस हातात घेऊन उभी राहिले. ड्रायव्हरला वाटलं मला मळमळतंय. जेवायला इंजेरा असतो, आपल्या आंबोळीसारखा, पण परातीएवढा, आणि त्यावर लाल तिखट कालवण. सगळ्यांनी एकाच ताटात हात घालून जेवायचं. आमचा धाकटा भाऊ प्रबुद्ध पलूसहून चटणीचा डबा पाठवतो, तो या खेपेला मी अजून उघडलेलाही नाही.

दूतावासात मी राजदूतांच्या खालोखाल आहे. मेजवानी असली की कोण कुठे बसणार हे मी ठरवते. कुणाच्या उजव्या हाताला कोण, कुणाला कुणासमोर बसवायचं नाही, हे माझं कधी चुकत नाही, आणि सगळे विचारतात की हे कुठे शिकलात. मी हसते. क्रांते, ते मी तुमच्या सोप्यात शिकले. कॉटवर तुझे आजोबा, नाथाजी. सतरंजीवर पैपाहुणे. गडीमाणसं पायरीवर. आणि पायरीच्याही खाली, जोत्याला पाठ न टेकता, माझी आजी आक्काताई. तिला तहान लागली की ती उकिडवी बसून तोंडाशी ओंजळ धरायची आणि तुझी आई वरून पाणी ओतायची. तांब्या आणि ओंजळ यांत वीतभर अंतर असायचं. एकही थेंब सांडायचा नाही, दोघींनाही इतकी सवय होती. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, नातीचं नाव हौसेनं क्रांती ठेवणारे तुझे आजोबा तेव्हा तिथेच पेपर वाचत असायचे. हे मी आज टोमणा म्हणून लिहितेय, आणि तो तुला लागावा असंही मला वाटतंय.

माझ्या वेळेपर्यंत थोडी सुधारणा झाली होती. मला कप होता. निळ्या रेघेचा, कान तुटलेला, दाराबाहेरच्या देवळीत पालथा ठेवलेला. आपण दोघी गणितं सोडवायचो, तुझी आई चहा आणायची, मी कप काढायचे, प्यायचे, धुऊन परत पालथा घालायचे. तुझी आई तशी वाईट बोलायची नाही. गूळ जास्त घालायची. मी तिला काय म्हणायचे आठवतंय? गाव तिला बनुबाई म्हणायचं, तू आई म्हणायचीस, मी नुसतं 'आवं' म्हणायचे. पुढे लावायला शब्दच नव्हता. मग सातवीच्या परीक्षेआधी एके दिवशी तू देवळीतला कप उचललास, माझा चहा स्वतःच्या कपात ओतून मला दिलास आणि तुटक्या कपातून तू प्यालीस. आईनं तुला फाडकन मारलं. तू रडलीस. मी दप्तर उचलून निघाले आणि परत कधी तुमच्या दारात आले नाही. पुढे आमच्या गुरुजींची, म्हणजे माझ्या बापाची, पलूसला बदली झाली आणि ते बरंच झालं. तू माझ्यासाठी मार खाल्लास आणि मी तुला साधं 'लागलं का' असंही विचारलं नाही. इतकी वर्षं मला राग तुझ्या आईचा आहे असं वाटत होतं. त्यात लाजेचाही वाटा होता, आणि ती लाज तुझ्यापुढची होती.

आता तीन आठवड्यांपूर्वीचं ऐक. इथलं नवं वर्ष सप्टेंबरात येतं, डोंगर पिवळ्या फुलांनी भरून जातात. आमच्या ऑफिसातल्या अल्माझनं घरी जेवायला बोलावलं. इथे मोठ्या माणसानं पाहुण्याला स्वतःच्या हातानं घास भरवायची रीत आहे, गुर्शा म्हणतात. मला ती पुस्तकातून माहीत होती, नवीन आलेल्यांना मी स्वतः समजावून सांगते. तरी अल्माझची म्हातारी आई घास घेऊन माझ्यासमोर आली आणि मी काय केलं सांगू? मागे सरले, मान खाली घातली आणि तोंडाशी ओंजळ धरली. आक्काताईसारखी. तिनं घास वरून टाकावा म्हणून. क्रांते, मला कुणी ओंजळीत कधी पाणी घातलेलं नाही. माझ्या हातांनी ते नुसतं बघून ठेवलं होतं.

म्हातारीला काहीच कळलं नाही. तिला वाटलं, परदेशी बाई लाजतेय. तिनं घास ताटात ठेवला, माझे दोन्ही हात धरून मांडीवर नेऊन ठेवले, हनुवटी वर केली आणि भरवलं. मग लगेच दुसरा घास, कारण एकावर थांबणं बरं समजत नाहीत. मी ढसाढसा रडले. अल्माझ तिखट लागलं म्हणून पाणी आणायला धावली.

घरी येऊन फोन बघते तर तुझा मेसेज.

प्रबुद्धला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तवा पायरीच्या वर घेतलं न्हाई, आन आता स्टेजवर बसवत्याल. कशाला जातीस?" त्याचं अगदीच खोटं नाही. मला आत्ताच ऐकू येतंय, माईकवर 'आपल्या गावच्या सुकन्या', मग फेटा, शाल, नारळ, पहिल्या रांगेतला सोफा, आणि आमदारांना यायला उशीर म्हणून माझंच भाषण. त्या सोफ्यावर बसायला मी येणार नाही. सोफे मला इथे रोज मिळतात.

पण तुझ्या मेसेजखाली तुझ्या आईंचा आवाज होता. तो तू त्यांच्या नकळत पाठवलास की त्यांनी सांगून, मला माहीत नाही. "दिपे, मी बोलतोय गं, क्रांतीची आय. डोळं गेलं माझं. पर तू आलीस तर आवाजावर वळकीन. ये की येकदा. लय दिस झालं." रोज ऑफिसला निघण्याआधी मी तो ऐकते. त्यात माफी नाही, आणि मला ती नकोय. माफीचे मसुदे मी फार केलेत.

म्हणून हे पत्र कागदावर, टपालानं. हे तुझ्यासाठी आहे, पण त्यांच्यापाशी बसून मोठ्यानं वाच, आजोबांचा टोमणा आणि कपाचं धरून, काही गाळू नकोस. मी मांडवाच्या आदल्या दिवशी येईन, माईक लागायच्या आधी. सोप्यात थांबणार नाही, आत चुलीपाशी बसेन. बुंदी नको, भाकरी आणि खर्डा पुरे. त्यातला एक घास मला बनुमावशींनी त्यांच्या हातानं भरवायचा. हो, मावशी म्हणेन म्हणते, त्यांना चालणार असेल तर. त्यांना हे जमणार नसेल तर तू उत्तर देऊ नकोस, मी समजेन आणि लेकीला आहेर पाठवीन. जमणार असेल तर त्यांच्याच आवाजात नुसतं 'ये' एवढं पाठव. त्यांना दिसत नाही, म्हणजे घास द्यायचा तर आधी माझी हनुवटी चाचपावी लागेल. चाचपू देत. मी हात मांडीवर ठेवून बसेन आणि तोंड उघडेन.

तुझीच,
दिपी